सायकल बघायला निघालेल्या सिस्टर

"एक चक्कर मारून बघते," असं म्हणत सिस्टर पदर कमरेला खोचायच्या, आणि आम्ही अनुभवी मंडळी दोन पावलं मागं सरायचो.

सिस्टर म्हणजे आमच्या उपकेंद्राच्या नर्सबाई. नव्वदच्या दशकाच्या शेवटी डोंगरकड्याजवळच्या एका खेड्यात मी शाळेवर होतो, आणि शाळा व उपकेंद्र यांच्यामध्ये एकच भिंत होती. सिस्टरनी पंचेचाळिशी गाठली होती. पांढरी साडी नेसत आणि एकट्या राहत. नवऱ्यानं फार पूर्वीच दुसरं घर केलं होतं असं गाव म्हणायचं. त्या एका विषयावर त्या अवाक्षर काढत नसत. बाकी सगळ्या विषयांवर त्यांचं मत तयार असे आणि ते गावाला ऐकावं लागे.

त्यांना सायकल हवी होती ती बंजाऱ्यांच्या तांड्यासाठी. जीप फाट्यावर सोडायची, तिथून पुढं लसीचा डबा खांद्याला अडकवून पायपीट. उन्हाळ्यात तांडा येईपर्यंत डब्यातल्या बर्फाचं पाणी व्हायचं. एकदा बाया लेकरं कडेवर घेऊन वाट बघत उभ्या होत्या, सिस्टरनी डबा उघडून पाहिला, आणि लस न देताच परत आल्या. त्या वर्षी तांड्यावर गोवर आला. एक लेकरू मरता मरता वाचलं. पुढं कित्येक दिवस सिस्टर कुणाशी भांडल्या नाहीत, यावरून काय ते समजा.

अडचण एवढीच की त्यांना सायकल येत नव्हती, आणि हे त्या सात जन्मांत कबूल करणार नव्हत्या. त्यांनी त्यावर तोडगा काढला होता. जुनी लेडीज सायकल विकायला असते ती लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या माहेरी. तिथं जायचं, चहा घ्यायचा आणि चक्कर मारून बघायची. शिकणंही होतं आणि शिकतोय हे कुणाला कळतही नाही. बरोबर मध्यस्थ म्हणून मी.

हा कार्यक्रम थेट मुलगी बघायला गेल्यासारखा असे. पोहे येत. सायकल धुऊनपुसून अंगणात आणली जाई. मुलीची आई सायकलीचे गुण सांगे. मग सिस्टर उठत, सीटवर बसत, थोड्या अंतरावर जाऊन पडत. उठून साडी झटकत आणि निकाल देत, "हँडल ढिलं हाय. कळवते." एका घरी चेन वाईट निघाली, एका घरी सीट उंच. एका घरी तर अंगणच तिरकं होतं. पंचक्रोशीतल्या चांगल्या चांगल्या सायकली त्यांनी अशा नापसंत केल्या. मी पोहे खाऊन घेत असे, कारण पडल्यानंतर फार वेळ बसता येत नसे.

कुरुंद्याला गेलो तेव्हा हळदीचे दिवस होते. शिजवलेली हळद अंगणभर वाळत घातली होती आणि मधून जाण्यापुरती वाट ठेवली होती. सिस्टर त्या वाटेनं निघाल्या त्या छान सरळ निघाल्या. मला तर अभिमानच वाटला. पण वाट संपली आणि सिस्टर चालूच राहिल्या. पलीकडं आदल्याच दिवशीच्या ओल्या हळदीचा ढीग होता. सायकल एकीकडं, चप्पल एकीकडं, आणि सिस्टर ढिगात. पांढऱ्या साडीचं काय झालं ते विचारू नका. सिस्टरला या वयात हळद लागली, हा विनोद तिथल्या प्रत्येकाला सुचला असणार, पण बोलायची छाती एकाचीही झाली नाही.

सिस्टर उठल्या. "ब्रेक लागत न्हाई. कळवते," म्हणाल्या.

घरधनीण आली, तिनं सायकल उचलली. दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, चाक फिरवून पाहिलं. मग शांतपणे म्हणाली, "सिस्टर, सायकलीत खोट न्हाई. तुमाला येत न्हाई."

आता या बाईची खैर नाही असं मला वाटलं. सिस्टरनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा पिवळ्या हातांकडं पाहिलं.

"व्हय, न्हाई येत," त्या म्हणाल्या. "पर मला तांड्यावर जायाचं हाय."

"मंग बसा परत. म्या धरते."

तिनं लुगडं वर खोचलं आणि मागचं कॅरियर धरून पळायला लागली. पोरीलाही तिनंच असं शिकवलं होतं, हे तिनं मला धापा टाकत सांगितलं. पुढचे बरेच रविवार सिस्टर कुरुंद्यालाच असत. एक सायकलीवर आणि एक मागं पळतेय, हे बघून मला हसू यायचं.

सिस्टरना सायकल आली आणि तीच त्यांनी विकतही घेतली. फक्त उतरणं शिकायचं राहिलं होतं. लसीच्या पहिल्या बुधवारी सिस्टर घंटी वाजवत तांड्यात शिरल्या त्या "धरा, धरा" करतच. बायांनी हातातली कामं टाकून त्यांना सायकलीसकट धरलं. मग तो रिवाजच पडला. घंटी ऐकली की सुईच्या धाकानं पोरं रानात पळायची आणि बाया सिस्टरना धरायला रस्त्यावर. डबा उघडला की आत बर्फ खडखडत असायचा. तांड्यावर परत गोवर आला नाही.

काही वर्षांनी त्यांची बदली झाली. शेवटच्या बुधवारी मीही तांड्यावर गेलो. घंटी वाजली, बाया सरसावल्या. सिस्टरनी ब्रेक दाबला, पाय टेकला, खाली उतरल्या आणि सायकल स्टँडला लावली. बाया हात पुढं करून तशाच उभ्या राहिल्या. तांड्यातली सगळ्यात वयस्कर बाई रागावलीच.

"सिस्टर, कवापासून येतंय हे तुमाला?"

"लई दिस झाले," सिस्टर म्हणाल्या. "तुमी धरत व्हता. मंग काहून उतरू?"

म्हातारी पुढं झाली आणि तिनं सिस्टरना दोन्ही हातांनी धरलं. मग बाकीच्याही आल्या. सिस्टरना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पोरं तेवढी अजून रानातच लपून बसली होती, त्यांना बोलवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.