बुधवारचा बिल्ड

दानेश्वरीने पुन्हा कळ दाबली. पडद्यावर ओळी भराभर वर सरकल्या आणि त्याच जागी तीच लाल अक्षरं उमटली: तापमान वाचणारा भाग सापडत नाही.

"सापडत नाही म्हणे! आत्ता लिहिलाय की तुझ्या डोळ्यांदेखत," ती पडद्यावरच खेकसली.

भवानी पेठेतल्या या लहानशा ऑफिसात ती लग्नाआधीपासून काम करत होती. सूत रंगवणाऱ्या रंगशाळांतल्या टाक्या चालवणारा जुना प्रोग्रॅम गुरुराज सरांनी लिहिलेला. सर गेल्यावर त्याची नाडी फक्त तिलाच कळायची. त्यातल्या काही भागांचा मूळ मजकूर हरवून गेला होता. म्हणून तयार भागांना कुणी हात लावायचा नाही, हा ऑफिसचा नियम. फाइलींच्या तारखा पाहून, जेवढं बदललं तेवढंच संगणक नव्याने बांधी आणि बाकीच्याला जोडी.

महेश्वर या गिऱ्हाइकाच्या रंगशाळेतला, टाकीचं तापमान सांभाळणारा कुरकुरणारा कंट्रोलर आज सकाळी, सूत टाकीत असतानाच, बंद पडला. नवा बसवून तयार होता, पण त्याच्यासाठीचा बिल्ड, म्हणजे बांधून तयार होणारा प्रोग्रॅम, या एका चुकीवर अडला होता: काल तो भाग लिहायचाच राहिला होता, आणि आज लिहूनही चूक जात नव्हती.

फोन वाजला. महेश्वर होता. "ताई, हातानं वाफ सोडतोय. रंगाचे पट्टे पडले तर गिऱ्हाईक सुताची एक गाठ उचलणार न्हाय. माझं सगळं त्या टाकीत हाय."

"धरून ठेवा. करते."

मालक रुद्रप्पा खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "दानव्वा, झालं का?"

"अण्णा, सारखं विचारलं की लवकर होतं का?"

तिने ओळी बदलल्या, जागा बदलली. लाल अक्षरं तीच. शेवटी तिने त्या फाइलीत मुद्दाम वेडंवाकडं काहीतरी लिहिलं. आता तरी संगणकाने वेगळी तक्रार करायला हवी होती. त्याने केली नाही. म्हणजे हा आपलं लिहिलेलं वाचतच नाही!

तिने फाइलींच्या तारखा काढल्या. काल बांधलेल्या भागावर मंगळवार. आत्ता बदललेल्या फाइलीवर सोमवार. मजकूर जुना, बांधलेला भाग नवा. मग संगणक कशाला पुन्हा बांधेल?

"अण्णा, आज वार कोणता?"

रुद्रप्पांनी खिडकीकडे पाहिलं. "बुधवार."

"मग यात सोमवार कुणी केला?"

"अमावस्या हाय की आज. नव्या मशिनीच्या प्रोग्रॅमवर अमावस्येची तारीख नको, म्हणून सकाळी मीच मागं नेली. सोमवार, शिवाचा वार. त्याला काय कळतंय?"

"त्याला तेवढंच कळतं, अण्णा!"

तिने तारीख सरळ केली, वेडंवाकडं लिहिलेलं पुसून फाइल जतन केली आणि कळ दाबली. ओळी सरकल्या. लाल अक्षरांची जागा आली, गेली. बिल्ड झाला. तिने तो लगेच रंगशाळेत पाठवला आणि फोन कानाला लावून बसली. पलीकडे नुसती वाफेची फुसफुस. मग पंप घरघरला.

"चाललं, ताई! रंग फिरतोय, सारखा चढतोय!"

रुद्रप्पांनी खिशातून लिंबू काढलं. "हे तरी ठेवू का काँप्युटरवर?"

"ठेवा. तारखेला हात लावू नका."