आमच्या बैठकीतला कॅस्केड

आमच्या रायपूरच्या घरात, अगदी बैठकीच्या खोलीत, एक धबधबा होता. फार काळ टिकला नाही.

दोष एका इंग्रजी शब्दाचा. ऑफिसात साहेब रोज म्हणायचे, "ही सूचना खाली कॅस्केड करा." मी मान डोलवायचो आणि काहीच करायचो नाही. (अर्थ कुणाला ठाऊक होता!) शेवटी डिक्शनरी उघडली. कॅस्केड म्हणजे पायरीपायरीने उतरणारा छोटा धबधबा. शिवाय खांद्यावर रुळणारे केस, पडद्याच्या चुण्या आणि साहेबाकडून बाबूकडे घरंगळत येणारं काम, सगळ्यांना हाच शब्द! मी त्याच्या प्रेमातच पडलो. बायकोला म्हणालो, "नंदा, तुझ्या केसांचा काय कॅस्केड आहे!"

"तेल लावून राहिली मी. चूप बसा."

अशात सासऱ्यांचा फोन आला. ते आमचं नवं घर बघायला येणार होते. रेल्वेतले निवृत्त गार्ड. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या एकाही गोष्टीला त्यांनी कधी 'छान' म्हटलं नव्हतं. नात झाली तेव्हा तिच्याकडे बघून 'छान' म्हणाले खरे, पण लगेच माझ्याकडे बघून पुढे म्हणाले, "आईवर गेली."

ठरवलं! या वेळी त्यांच्या तोंडून तो शब्द काढायचाच. बैठकीत कॅस्केड बांधायचा!

गोल बाजारातून लहानमोठ्या तीन पराती आणल्या. ("शादी है का भैया?" दुकानदारानं विचारलं. "कॅस्केड है," मी म्हणालो. त्यानं घाबरून भाव कमी केला.) कुंड्यांच्या लोखंडी स्टँडवर पराती मांडल्या, खाली टब, टबात जुन्या कूलरचा पंप. बटण दाबलं. वरच्या परातीतून पाणी थेंबथेंब ठिबकायला लागलं.

"पापा, ये तो लीकेज लग रहा है," आमची गुड्डी म्हणाली.

अपमान! मी तडक अंगणात गेलो. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा टुल्लू पंप तिथे होता. त्याचा पाइप सोडवला, खिडकीतून आत घेतला आणि कॅस्केडला जोडला.

"काहून? टाकीत पाणी कोण चढवल मंग?" नंदा ओरडली.

"कलेत अडथळे आणू नको!"

सासरे आले. मे महिन्याचं ऊन, चेहरा लालबुंद. मी त्यांना धबधब्यासमोरच्या मानाच्या खुर्चीत बसवलं. नंदानं पोहे आणले.

"हे काय होय, जावईबापू? भांडे वाळू घातले का?"

"बघाच आता, बाबा!" मी अंगणात धावलो, बटण दाबलं आणि कौतुक ऐकायला पळत आत आलो.

टुल्लूनं कॅस्केडचा अर्थ उलटा घेतला. पाणी खाली उतरण्याऐवजी थेट वर गेलं! वर पंखा फिरत होता. त्यानं ते अत्यंत निःपक्षपातीपणे सगळ्यांना वाटलं. वरची परात उडाली ती मधलीवर, मधली खालचीवर आणि खालची पोह्यांवर. पोहे फरशीवरून पोहत दाराकडे निघाले.

"बंद करा ते! बाबा भिजून राहिले!"

"करतो, करतो!" मी वळलो, घसरलो आणि पाठीवर सरकत थेट सासऱ्यांच्या पायांशी जाऊन थांबलो. (नमस्कार राहिलाच होता.) शेवटी नंदानंच बाहेर जाऊन पंप बंद केला.

सासऱ्यांच्या मिशीवरून पाणी ओघळत होतं. कपाळावर एक शेंगदाणा. त्यांनी डोळे मिटले, मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, "छान!"

मला ऐकू आलं तेच खरं का, म्हणून मी पडल्या पडल्याच विचारलं, "काय म्हणालात?"

"छान म्हटलं! उन्हानं जीव चालला होता माहा. पुन्हा लावा!"

आता ते दर उन्हाळ्यात हक्कानं येतात. बैठकीत मात्र नंदा पाण्याचा ग्लाससुद्धा मला जपून नेऊ देते. म्हणून बाबा अंगणात खुर्ची टाकून डोळे मिटून बसतात आणि मागे स्टुलावर चढून मी पाइप धरतो. लोकांच्या घरी कॅस्केड बांधलेला असतो, आमच्या घरी नोकरीला आहे!