फाईल कोणत्या व्हर्जनची?

आमच्या ऑफिसात दोन गोष्टींचा गुंता रोज वाढतो, कपाटात वायरींचा आणि डोक्यात किश्शांचा. वायरी तरी दिवाळीला आवरतो. किस्से आवरायला घेतले की दारात नवं गिऱ्हाईक उभं!

ऑफिस जालना एमआयडीसीत. कारखान्यातल्या मशीन ज्या प्रोग्रामवर चालतात, ते आम्ही दुरुस्त करतो. काळे साहेब मालक, गजानन आणि मी कामाला. भानगड एवढीच, की जुनी प्रोजेक्ट फाईल सॉफ्टवेअरच्या ज्या व्हर्जनमध्ये बनली, त्यातच नीट उघडते. म्हणून आमचा पहिला प्रश्न ठरलेला, "कोणतं व्हर्जन?"

*

बियाण्याच्या प्लांटचे मॅनेजर फोनवर होते.

"सर, फाईल कोणत्या व्हर्जनची आहे?"

"एकदम ओरिजिनल!"

"तसं न्हाई सर, नंबर सांगा."

त्यांनी मोबाइल नंबर सांगितला.

*

गजाननला वाटतं, फाईलच्या तारखेवरून व्हर्जन बराबर ओळखता येतं. एका सळयांच्या मिलमध्ये त्यानं मोठ्या ऐटीत तारीख वाचून दाखवली. तिथल्या कॉम्प्युटरची बॅटरी कधीच मेली होती, त्यामुळे घड्याळ पार मागं गेल्तं.

मिलचे मालक शांतपणे म्हणाले, "तवा इथं मिल नव्हती, ज्वारी होती. मंग ज्वारीला प्रोग्राम कुणी बसवला?"

*

कधीकधी फाईल नोटपॅडमध्ये उघडली, की त्या कचऱ्यात व्हर्जनचा नंबर दिसतो. गजाननने उघडली. स्क्रीनभर चौकोन, प्रश्नचिन्हं, वाकडीतिकडी अक्षरं. मागं उभे असलेले कारखान्याचे सुपरवायझर हळहळले.

"माझ्या पोराचा इंजिनिअरिंगचा पेपर बी असाच होता."

"मग?"

"पास झाला ना!"

*

काळे साहेबांनी एकदा गिऱ्हाइकाची एकुलती एक फाईल थेट नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. 'रूपांतर करू का?' असं सॉफ्टवेअरनं विचारलं. साहेबांनी 'हो' दाबलं, वर सेव्हही केलं. झालं! जुनी मशीन त्या फाईलला ओळख दाखवेना.

"साहेब, वाचलं तरी का?"

"इतक्या अदबीनं विचारून राह्यलं होतं ते. न्हाई कसं म्हणायचं?"

*

आणि आता शहागडचा किस्सा. इथली एक मिल बंद पडली होती. भट्टीत लोखंड लाल, बाहेर मिलमालक त्याहून लाल. फाईल होती, व्हर्जन कुणालाच माहीत नव्हतं. मिल पुढं चालू झाली, ते आधीच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको.

ज्यानं तो प्रोग्राम बसवला, तो गडी आता शहागडला हायवेवर टायरचं दुकान चालवतो, असं कळलं. साहेब मला घेऊन निघाले. जालन्यापासून शहागडपर्यंत त्यांचं एकच चालू, "ना कुठं नोंद, ना नाव! कोण्या येड्यानं बनवली ही फाईल?"

दुकानदारानं खुर्च्या दिल्या, चहा मागवला. मी विचारलं, "दादा, तो प्रोग्राम तुम्ही कोणत्या व्हर्जनमध्ये बनवला होता?"

"मी कुठं बनवला, ताई? मी फक्त मशीनमधी टाकला. फाईल तर ह्या काळे साहेबांनीच दिल्ती. सोता बनवून!"

मी साहेबांकडं बघायचं टाळलं. साहेबांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि खुर्ची त्याच्याजवळ सरकवली.

"मंग मी ती कोणत्या व्हर्जनमधी बनवली होती, काही आठवतं का तुम्हाला?"