पानांनी मोडलेला एक्सल

रामटेकच्या पानमळ्यांतली पानं नागपूरच्या बाजारात पोचवायचं काम माझ्या गाडीकडं होतं. गाडी म्हणजे कामठीच्या लिलावात घेतलेला फौजेचा जुना पिकअप. पेट्रोल महागलं तेव्हा मी त्यातलं इंजन काढून डिझेलचं बसवलं. लोक म्हणाले, बैलगाडीला हत्ती जुंपला. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण हत्ती बैलगाडीला जुंपत नाहीत हे मलाही माहीत होतं. इंजन बसलं, चाललं. बोलणारे सायकलवरच राहिले.

फक्त मागचा एक्सल मोडायचा. एक्सल म्हणजे मागचं चाक फिरवणारा लोखंडी दांडा. तो घडवला होता पेट्रोलच्या इंजनाच्या हिशोबानं. मनसरच्या पुढं एक रपटा होता. रस्ता नाल्यात उतरायचा आणि पाणी ओलांडलं की लगेच खडा चढ. तिथं पहिल्या गियरमध्ये गाडी जोर घ्यायची, खालून टक् असा आवाज यायचा आणि मग इंजन फिरत राहायचं, गाडी उभी. आवाज काही मोठा नव्हता. अडकित्त्यात सुपारी फुटावी तेवढा.

पहिल्यांदा मोडला तेव्हा पानं बाजारात पोचली तर बोली संपलेली. दुसऱ्यांदा मोडला तेव्हा अर्धी पानं टोपल्यांतच काळी पडली. पानमळेवाल्यांत एक म्हातारा होता, सगळे त्याचं ऐकायचे. त्याला मी आबाजी म्हणायचो. तो चाकाजवळ उकिडवा बसला, मोडलेला दांडा हातात घेतला, वास घेऊन पाहिला.

"पानानं एक्सल मोडते का गा?" तो म्हणाला. "गोटे असते त समजलो असतो. पान आहे. फुकलं त उडते."

"पानानं नाही मोडत, आबाजी. पानासोबत बसणाऱ्यांनी मोडते."

"म्हणजे कोन?"

"म्हणजे तुम्ही."

यात खोटं काही नव्हतं. आपली टोपली दुसऱ्याच्या भरवशावर सोडायची नाही, ही त्या लोकांची रीत. बाजारात बोली लागेपर्यंत टोपलीचा मालक टोपलीजवळ. म्हणजे जितक्या टोपल्या तितकी माणसं, आणि कोणाचा भाऊ, कोणाचा साळा वेगळा. ओल्या फडक्याखाली पानं निवांत झोपलेली आणि भोवती हे सगळे दाटीवाटीनं. पानाजवळ पायताण चालत नाही म्हणून सगळ्यांच्या चपला एका पोत्यात भरून माझ्या सीटशेजारी. चपलांचं पोतंच एका माणसाएवढं भरायचं. पण विचाराल तर गाडीत काय आहे? पान आहे.

"आमचं वजन कुठून आलं?" आबाजी म्हणाला. "आमी का टोपलीवर बसतो? उकिडवे बसतो. आमचं वजन आमच्या पायावर."

"आणि पाय कशावर?"

"तू वाद नको घालू. आता एकडाव अजून थांबली त माल रेल्वेनं जाईन. रेल्वेचा एक्सल नाही मोडत."

तेच माझ्या जिवाला लागलं. गाडीला दुसरं बांधलेलं काम नव्हतं. पानं गेली की गाडी दारासमोर उभी राहणार, आणि सगळी वस्ती येता-जाता तिला पाहून हसणार. डिझेलचं इंजन बसवायचा हट्ट माझा होता. घरचं, दारचं कोणाचंच मी ऐकलं नव्हतं आणि ऐकायला पाहिजे होतं असं मला आजही वाटत नाही.

गाडी कामठीला मिस्त्रीकडं नेली. त्यानं नवा दांडा टाकला आणि हात पुसत म्हणाला, "पंप कम कर दो, भाईजान. ताकत कम, तो एक्सल सलामत."

डिझेलचा पंप इंजनाला तेल पुरवतो. त्यावर एक स्क्रू असतो. तो एका अंगाला फिरवला की तेल जास्त जातं, गाडी उसळते. दुसऱ्या अंगाला फिरवला की तेल कमी, गाडी थंड.

"इंजन क्या ताकत कम करने के लिए बिठाया?" मी म्हणालो.

"तो आदमी कम करो."

"आदमी कम नहीं होते."

"फिर पंप," तो म्हणाला आणि बिडी पेटवली.

मी चहा प्यायलो. दुसरा प्यायलो. मग माझ्या लक्षात आलं की मिस्त्री एक्सल वाचवायचं बोलून राहिला आहे, पण त्यात माझंही काम साधत होतं. पंप कमी केला तर भरलेली गाडी त्या चढावर एक्सल मोडणार नाही. ती चढणारच नाही. माणूस सांगून उतरत नाही, गाडी उभी राहिली की उतरतो.

मिस्त्रीच्या अंगणात बसलेले सगळे रिकामटेकडे मी गाडीत भरले आणि जवळचाच एक चढ गाठला. मिस्त्री स्क्रू थोडा थोडा फिरवत गेला. शेवटी अशी जागा सापडली की ते बसले तर गाडी उभी आणि ते उतरले तर गाडी वर. रिकामटेकड्यांना चढण्या-उतरण्याचा कंटाळा आला, तेव्हा काम झालं असं समजलो.

बाजाराच्या दिवशी रपटा ओलांडला, चढाला लागलो. गाडी अर्ध्यात गेली, धापा टाकल्या आणि शांत झाली. टक् झालं नाही. मी ब्रेक दाबून धरला, गाडीवरच्या क्लीनर पोरानं चाकामागं गोटा लावला.

मागून टोपल्यांतून आबाजीचा आवाज आला. "मोडला?"

"एक्सल साबूत आहे. पंप तेल पुरवून नाही राहिला."

"मंग?"

"गाडी हलकी झाली तर चढन."

मग एक जण म्हणाला, "मी टोपली सोडत नाही."

"तुही टोपली काय एकटी लगनाले चालली का?" आबाजी त्याच्यावर खेकसला. "उतर!"

मग सगळे चपला मागायला लागले. पोतं सोडलं असतं तर चपलांच्या जोड्या लावण्यात बोली निघून गेली असती. मी म्हणालो, "मालाची काळजी आहे का पायाची?" ते तसेच उतरले आणि अनवाणी मुरमावरून निघाले. गाडी एकटी वर गेली, जशी जायला पाहिजे तशी. ते लंगडत वर आले, प्रत्येकानं आधी आपलं फडकं उचलून पानं पाहिली, मग पायातला खडा काढला.

नागपुरात बोली सुरू व्हायच्या आधी पोचलो. पान हिरवंगार. आबाजी माल विकून माझ्याकडं आला.

"रेल्वेचं राहू दे आता," तो म्हणाला. "एक्सल चांगला टाकला तू. पण तुह्या पंपात दम नाही."

माझ्या ओठावर आलं होतं. त्या पंपाचा स्क्रू फिरवला तर तुम्हा सगळ्यांना चपलांसकट पार वर नेऊन टाकीन. पण बोललो असतो तर ते म्हणाले असते, मग फिरव. म्हणून चूप बसलो. चूप बसणं माझ्या स्वभावात नाही, कोणालाही विचारा.

मग दर बाजाराला तेच. चढ आला की ते उतरायचे आणि माझ्या पंपाला नावं ठेवत वर चालायचे. एक्सल पुन्हा मोडला नाही, पण ते कोणी बोलायचं नाही. एकदा आबाजीनं आपल्या भाच्याला आणलं. तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. म्हातारा मायेनं म्हणाला, "हा पाहून देते तुहा पंप. फुकट." भाच्यानं बोनेट उघडलं, पेचकस काढला. मी तो त्याच्या हातातून घेतला.

"काहून गा?" भाचा म्हणाला. "बिघडलेलाच त आहे."

"असू दे. हात नाही लावायचा."

आबाजीनं त्याला बाजूला नेलं आणि मला नीट ऐकू येईल एवढ्या हळू आवाजात म्हणाला, "जाऊ दे रे. हेकड आहे. पण माल पोचवते."