स्लॅबवरची झापं

एसीवाल्याच्या घरात त्याचीच आई उकाड्याने मरायला टेकली होती. हे मी आजवर कुणासमोर बोललो नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि तो दिवा मी स्वतः होतो.

दोन हजार चार-पाचचं साल असेल. मुंबईच्या उत्तरेला, पेणकरपाड्यात, चार मजली बिल्डिंगमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर आमचं वन रूम किचन. एसी आणि फ्रिज दुरुस्त करायचा माझा धंदा. पूनम सागरपासून नया नगरपर्यंत कुणाची मशीन कुठे गळते ते मला तोंडपाठ. गिऱ्हाइकाकडे गेलो की पहिला प्रश्न ठरलेला, "वरचा मजला आहे का?" हो म्हटलं की एक टनाच्या जागी दीड टन सांगायचा. स्लॅब तापतो, उष्णता खाली उतरते, म्हणून मशीन मोठी. इतकी वर्षं हे सांगितलं, पण वर टेरेसवर जाऊन त्या स्लॅबचं काही करता येईल का, हे एकदाही डोक्यात आलं नाही. मशीन विकणाऱ्याला मशीनच दिसते, दुसरं काय!

त्या वर्षी माझे वडील गेले. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात, घराच्या ओट्यावर, दवाखान्यात न्यायच्या गाडीची वाट बघत गेले. आई एकटीच त्यांचा हात धरून बसली होती. तिला मी इकडे घेऊन आलो. तिचं हृदय कमजोर होतं, लघवी होण्याच्या गोळ्या चालू होत्या. मे महिन्यात ती दोनदा चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "या गोळ्या आणि हा उकाडा, दोन्ही एकत्र चालणार नाही. खोली गार करा, नाहीतर यांना थंड जागी हलवा. आणखी एकदा असं झालं तर मी जबाबदार नाही."

थंड जागा म्हणजे गाव. गावात डॉक्टर नाही, घराला कुलूप, आणि तो ओटा. त्या रात्री आईने माझ्या बायकोला विचारलं, "तिकडे एकटीनं पडले तर कुणाला कळेल गं?" बायकोने मला सांगितलं आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, मी एसीवाला आहे का कोण आहे? दुसऱ्या दिवशी एक जुनी दीड टनाची विंडो मशीन उचलून आणली.

आता माझी चूक ऐका. आमच्या बिल्डिंगची वायरिंग जुनी, पातळ. मला ते माहीत होतं. दुसऱ्यांना मीच सांगायचो, आधी लोड वाढवून घ्या, मग मशीन लावा. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मशीन चालू केली की दहा मिनिटांत फ्यूज उडायचा. तीनदा उडाला. चौथ्यांदा मी मीटर रूममध्ये गेलो आणि फ्यूजमध्ये जाड तार घातली. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात हलकट युक्ती. फ्यूज उडत नाही, म्हणजे मग दुसरं काहीतरी जळतं.

हॉलला एकच खिडकी. ती मशीनने भरून गेली, कडेच्या फटींना मी थर्माकोल लावला. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून खालच्या फटीत टॉवेल कोंबला. आईला पलंगावर बसवलं. मशीन घरघरली, गार झोत आला, आणि आई हसली. "बाबू, माघ महिना आणलास की रे," म्हणाली. मी तेव्हा असा फुगलो होतो की विचारू नका.

दुपारी अडीचच्या सुमारास, बायको घरी नसताना, मशीन बंद पडली. पंखाही बंद. जिन्यातून ओरडा ऐकू आला, "धुआँ! धुआँ!" मी दार मागे ओढून घेतलं आणि पायात चप्पल न घालता खाली पळालो. मीटर रूममधून काळा धूर येत होता, मेन केबल वितळून भिंतीला चिकटली होती. वीज कंपनीच्या माणसाने येऊन बाहेरून लाईन तोडली. बिल्डिंगमधले सगळे गोळा झाले. सेक्रेटरी आमच्याच मजल्यावर समोर राहायचे. गुजराती गृहस्थ, बँकेतून निवृत्त झालेले, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी फ्यूजमधली जाड तार चिमटीत धरली आणि माझ्याकडे बघितलं. "ये आपने डाला?" मी हो म्हटलं. मग जे सुरू झालं ते लिहिण्यासारखं नाही. मीही गप्प बसणारा नाही, दोघातिघांना उलट बोललो. वाद घालत मी तिथे किती वेळ होतो ते मला आजही सांगता येत नाही. अर्धा तास तरी नक्कीच.

आणि मग एकदम आठवलं. आई! खिडकी मी बंद केली होती. दार मी बंद केलं होतं. पंखा नाही, हवा नाही, आणि डोक्यावर तापलेला स्लॅब.

चार मजले मी कसे चढलो ते मला माहीत नाही. दार उघडलं तर आतून भट्टीचा झोत आला. आई दाराजवळ जमिनीवर पडली होती. कडीपर्यंत पोचायच्या आत कोसळली होती. अंग कोरडं, तापलेलं, ओठ पांढरे. मी "आई, आई" करत होतो आणि ती बघत नव्हती. देवा, मी आईला डब्यात बंद करून मारलं, एवढंच डोक्यात होतं.

माझ्यामागून पहिल्या मजल्यावरच्या शेजारीण, ज्यांना सगळी बिल्डिंग आपा म्हणायची, धावत वर आल्या होत्या. त्यांनी मला हाताने बाजूला सारलं, ओढणी माठात बुडवून आईच्या मानेवर, काखेत दाबली. "रोना बाद में. कुर्सी लाओ," म्हणाल्या. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही दोघांनी आईला खाली आपांच्या घरी नेलं. फरशीवर चटई टाकून निजवलं. पंधरा-वीस मिनिटांनी तिने डोळे उघडले, दोन घोट पाणी प्यायली आणि इकडेतिकडे बघून म्हणाली, "यांच्याकडे कुठली मशीन आहे रे?"

कुठलीच नव्हती. लाईट तर सगळ्या बिल्डिंगचीच गेली होती. उघडी खिडकी, गार फरशी, आणि वर तीन मजल्यांची सावली. मी हात लावून बघितलं, भिंतही थंड होती. मला स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटली.

डॉक्टर येऊन गेले. त्यांनी सांगितलं, थोडक्यात वाचल्या, पण यांना परत त्या खोलीत नेऊ नका. आपा म्हणाल्या, "अम्मा को यहीं रखो." पण त्यांची मुलगी बाळंतपणाला येणार होती, सोमवारी. तिला जागा लागणार. आईने तेवढं बरोबर ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिने बायकोकडून आपले कपडे मागवले आणि जुन्या पिशवीत भरले. पिशवीची चेन तुटलेली होती, म्हणून गावाहून येतानाचाच काथ्याचा सुंभ तिने परत गुंडाळून वर तीन गाठी मारल्या. "रविवारच्या संध्याकाळच्या एसटीचं तिकीट काढ," म्हणाली. मी काढलं.

तिकीट तिच्या उशाशी ठेवलं तेव्हा ती सहज म्हणाली, "बाबू, तू खाली गारवा करत बसलास. ऊन वर पडतंय. त्याला वरच अडवायला नको? घरात शिरल्यावर त्याच्याशी कसला भांडतोस?"

"म्हणजे काय करू?" मी खेकसलोच.

"अंगणात मांडव घालतो ना आपण? झापांचा. तसा घाल स्लॅबवर."

झाप म्हणजे नारळाची झावळी मधोमध चिरून, तिची पाती एकमेकांत विणून केलेलं छप्पर. आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी अंगणात झापांचा मांडव पडतो. मी म्हटलं, "अगं, ही मुंबई आहे, लोक हसतील." ती म्हणाली, "हसू देत. हसणाऱ्याच्या आईला उकडत नाही वाटतं?"

शुक्रवारी मी उत्तनला गेलो, आमच्या जवळच्या समुद्रकाठच्या गावात. तिथल्या एका म्हाताऱ्याचा फ्रिज मी मागे दुरुस्त केला होता, त्याची नारळाची वाडी होती. त्याने सगळं ऐकून घेतलं. "ने रे, झावल्यांना काय तोटा हाय," म्हणाला आणि टेम्पो भरून दिला. मी तो बिल्डिंगच्या फाटकाशी आणला, तर सेक्रेटरी समोर उभे. "ये क्या है?" मी सांगितलं. त्यांनी टेरेसची चावी खिशात टाकली आणि खिशावर हात ठेवला.

"परसों केबल जलाया, आज घास का छप्पर? आग लगी तो?"

त्यांचं बरोबरच होतं. ते बरोबर आहेत हे कळत होतं म्हणूनच मला जास्त राग आला. मी काहीतरी वाईट बोलणार, तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या खिडकीतून आईने हाक मारली, "भाऊ, जरा वर येता का?"

ते गेले. मी मागून गेलो. आई चटईवर भिंतीला टेकून बसली होती. तिने मराठीतच विचारलं, "भाऊ, तुम्ही पण वरच राहता. तुम्हाला झोप लागते?"

त्यांनी खिशातली चावी चाचपली. मग हळूच म्हणाले, "मेरी वाइफ गॅलरी में सोती है. तीन साल से."

"माझ्या पोराने माती खाल्ली," आई म्हणाली. "केबल तो भरून देईल. पण दोन दिवस चावी द्या. झापं ओली ठेवीन, पाण्याचा पाइप वर राहील, पावसाआधी सगळं उतरवीन. गार नाही झालं तर रविवारी मी जाते गावाला, मांडव त्याच्याकडून काढून घ्या."

त्यांनी चावी दिली. माझ्या हातात नाही, आईच्या हातात.

दोन दिवस आई विणत होती. बसून, दमून, मध्ये आडवी होऊन, पुन्हा उठून. आपा तिला झावळ्या चिरून द्यायच्या, बायको पाणी मारायची. मी वर स्लॅबला चुना मारला, डिंक घालून, दोन हात. मग विटांवर बांबू ठेवले. आईने बजावलं होतं, "स्लॅबला चिकटवू नको. मधे हात शिरला पाहिजे, वारा खेळला पाहिजे." हे ऐकून मी चमकलो. इन्शुलेशन, एअर गॅप, असले शब्द मी गिऱ्हाइकावर छाप मारायला वापरायचो. आईला शब्द माहीत नव्हता, गोष्ट माहीत होती.

रविवारी सकाळी शेवटची झापं चढवली. सेक्रेटरी छत्री घेऊन कोपऱ्यात उभे होते, पहाऱ्याला. दुपारी बाराला खाडीकडून वारा सुटला. पश्चिमेची बाजू फडफडली, एक झाप सुटून पाण्याच्या टाकीवर आदळलं, दुसरं उचलायला लागलं. मी त्याच्यावर पोटावर पडलो. दोरी संपली होती. रविवार, हार्डवेअरवाला बंद. सहाची बस. एक कडा गेली की सगळा मांडव जाणार, आणि सेक्रेटरी घड्याळ बघत होते. मी जिन्याच्या तोंडाकडे बघून बायकोला ओरडलो, "दोरी! कुठलीही दोरी आण! साडी फाड, काहीही कर!"

पाच मिनिटांनी ती धापा टाकत वर आली. "आईंनी दिली," म्हणाली. मी हिसकावून घेतली, कडा बांधली, दुसरी बांधली, ताणून गाठ मारली. वारा आला, मांडव हलला, पण राहिला. मग माझं लक्ष हातातल्या उरलेल्या टोकाकडे गेलं. काथ्याचा सुंभ, जुना, काळपट, तीन जागी गाठ पडून दुमडलेला.

मी तरातरा खाली निघालो. म्हटलं, ही बाई वेडी आहे का? पिशवी कशाने बांधणार? आपांच्या घरी गेलो तर चटई रिकामी. आपा म्हणाल्या, "अम्मा ऊपर हैं. कुर्सी पे ले गए हम लोग."

आमच्या घराचं दार उघडंच होतं. मशीन मी काढून टाकली होती, खिडकीतून वारा येत होता. आई पलंगावर पडली होती. पिशवी जमिनीवर तोंड वासून पडलेली, आणि तिची दोन लुगडी दांडीवर घडी करून टाकलेली.

"पिशवी कशानं बांधणार आता?" मी दारातूनच ओरडलो. "सहाची बस आहे!"

"कोण जातंय बसने?" ती म्हणाली. "ओरडू नको. पलंगावर चढ आणि स्लॅबला हात लाव."

माझ्या खिशात थर्मामीटर होतं, धंद्याचं. दोन दिवस मी याच क्षणासाठी ते जवळ बाळगलं होतं. ते मी बाहेर काढलंच नाही. मी पलंगावर चढलो, तिच्या पायाशी उभा राहिलो आणि हात वर केला.