कातळावरून आलेलं दुखणं

"बाबा, तुमच्या मुलीच्या दोन्ही किडन्या बंद पडल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी इचारलं, "मरती का?"

"आज नाही. उद्याचं उद्या सांगेन."

असं सरळ बोलणारं माणूस मला चालतं. मी बाकड्यावर बसलो. परभणीचा दवाखाना, चैत्र संपत आलेला, वर पंखा नुसता आवाज करायलेला. मागच्या दिवाळीत माझी बायको गया वारली. आता वैशू. म्हणलं, देवा, तुझी गाठ माझ्याशीच हाय का?

मी चौथी शिकलेला माणूस. पोखर्णीच्या आसपास चाळीस वर्षं विहिरी खोदल्या. हे लिहायलोय ते कुणाच्या घरी असलं दुखणं आलं तर त्यानं माझ्यासारखं येड्यासारखं वागू नये म्हणून.

दुखण्याचं नाव रॅब्डोमायोलिसिस. मला ते पाठ व्हायला चार दिवस लागले. उन्हात अंगाबाहेर मेहनत केली, पाणी कमी पडलं, की अंगातलं मांस फुटतं आन् रक्तात उतरतं. किडनी म्हणजे गाळणी. त्या गाळणीत हा गाळ अडकतो. मग लघवी थांबते आन् घाण अंगातच साठते. ती किती साठली हे क्रिएटिनिन नावाच्या आकड्यावरून कळतं. बरा असलेल्या माणसाचा एकच्या आसपास असतो. वैशूचा नऊ होता.

वैशू राजस्थानात जोधपूरच्या पुढं वाळूच्या मुलखात राहती. तिथं कातळ चढती, आन् दुसऱ्याला चढायला शिकवती. वय एकतीस. लग्न केलं न्हाई. गावात लोक इचारायचे, "पोरगी काय करती ओ?" मी म्हणायचो, "नोकरी." दगडाला चिकटती असं कोण सांगणार?

त्या साली उन्हं तापल्यावरही तिनं चढणं सोडलं न्हाई. कुणी न चढलेला एक कातळ तिनं धरला होता. पाणी दुपारीच संपलं, पण ती संध्याकाळपर्यंत वरच होती. दुसऱ्या दिवशी मांड्या लाकडासारख्या झाल्या. दुखण्याच्या गोळ्या खात ती रेल्वेनं दोन दिवस प्रवास करून परभणीला आली. त्या गोळ्यांनी किडनीचं उरलंसुरलं मातेरं केलं, हे मागून कळलं. लघवी कोऱ्या चहासारखी व्हायलीय हे तिनं मला सांगितलंच न्हाई. सांगणार कशी? आमी बोलतच नव्हतो.

गया गेली तवा वैशूचा फोन लागला न्हाई. ती कातळावर होती. राख सावडायच्या दिवशी दारात आली. मी चार माणसांत म्हणालो, "आई मेली तवा दगडाला चिकटली होतीस, आता कशाला आलीस?" ते बोलणं मी अजून गिळतोय.

घरी आली त्या दिवशी मला वाटलं, ऊन लागलं. पन्हं पाजलं, तळपायाला कांदा चोळला. एक दिवस घालवला. दुसऱ्या दिवशी तोंड सुजलं, मग दवाखाना.

मानेत नळी घालून डायलिसिस सुरू झालं. डायलिसिस म्हणजे रक्त बाहेर काढून यंत्रात धुवायचं आन् परत अंगात सोडायचं. दिवसाआड चार तास. पाणी मोजून, दिवसाला अर्धा लिटर. खाटेला लघवीची पिशवी लावलेली. मी दिवसभर त्या पिशवीकडं बघायचो. दोन चमचे. कवा तेवढंही न्हाई.

बाकड्यावर बसल्या बसल्या माझा डोळा लागायचा. मी विहिरीत उतरायचो. उतरतोय, उतरतोय, दोर संपत न्हाई. खाली पाण्याच्या जागी पिवळी वाळू, हळूहळू हलणारी. वरून गया म्हणायची, "लागलं का?" मी म्हणायचो, "ओल लागली." आन् जाग यायची. समोर नर्स, औषधाची चिठ्ठी.

पाचव्या दिवशी मी चूक केली.

आमच्यात विहीर धरायची असली की पाणाड्या, म्हणजे जमिनीतलं पाणी हुडकणारा, तळहातावर नारळ घेऊन रानात फिरतो. नारळ जिथं उभा राहतो तिथं तो फोडायचा, आन् पहिली पहार मारणाऱ्यानं त्यातलं पाणी प्यायचं. मग पाणी लागतं. मी चाळीस वर्षं ते पाणी प्यालो आन् माझी एकही विहीर कोरडी गेली न्हाई. मला वाटलं, पोरीलाही पाणीच लागायला पाहिजे ना? दोन नारळ आणले, पायरीवर फोडले, आन् नर्स तिकडं गेल्यावर वैशूला पाजले. ती तहानेनं इतकी कासावीस होती की तिनं इचारलंसुद्धा न्हाई.

शेजारच्या खाटेवर सेलूचे कापडदुकानदार होते. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. त्यांच्या किडन्या कायमच्या गेलेल्या, दोन वर्षं ते डायलिसिसवर होते. त्यांची बायको महानंदाबाई बाहेरून आली आन् तिनं करवंट्या बघितल्या.

"ओ भाऊ, काय पाजलं तिला?"

"नारळपाणी. विहिरीला फोडतो तसं. शकुनाचं असतं."

"शकुनाचं! तिला घरी न्यायचं का सरणावर न्यायचं? ओ सिस्टर!"

सगळे धावले. छातीला वायरी लावून ईसीजी काढला, म्हणजे काळजाच्या ठोक्याचं चित्र. ते चित्र वाकडं निघालं. नारळपाण्यात पोटॅशियम नावाचा क्षार असतो. किडनी चालू असली तर तो बाहेर पडतो, बंद असली तर रक्तात चढतो आन् काळीज थांबवतो. शिरेत कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, लगोलग यंत्र लावलं.

डॉक्टरीणबाई माझ्यावर ओरडल्या न्हाईत. हळू म्हणाल्या, "बाबा, अजून एक नारळ पाजला असता तर मी काही करू शकले नसते." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

चार तास मी वैशूच्या पायाशी बसलो. मान वर होईना. तीच म्हणाली, "बा, मला विहीर समजलास व्हय?"

"समजलो. अक्कल न्हाई मला."

ती हसली. मग मी इचारलं. एकतीस वर्षांत इचारलं न्हाई ते. "तिथं काय हाय गं, त्या दगडात?"

ती डोळे मिटून सांगायला लागली. सकाळी कातळ थंड असतो, जनावराच्या पाठीसारखा. हात ठेवला की तळव्याला तांबडी वाळू लागते, कारण तो दगडच वाळूचा, वाऱ्यानं रचलेला. पाऊस पडला की त्याला हात लावायचा नसतो. ओला दगड कच्चा असतो, तुटतो. मग सगळे खाली नुसते बसून राहतात, दोन दिवस, तीन दिवस, दगड वाळायची वाट बघत. वर चढताना खालचा गलका कमी होत जातो. आधी माणसं, मग शेळ्यांच्या घंटा, मग वारापण थांबतो. उरतो फक्त पुढचा हात कुठं ठेवायचा एवढाच इचार. खाली वाळू पाण्यासारखी पसरलेली असते, तिच्यावर ढगाची सावली चालते.

"पण कशासाठी?" मी म्हणालो.

"बा, मी नऊ वर्षांची असताना तुझ्या विहिरीतून चढले होते, आठवतं? दोरानं वर ओढायच्या पाळण्यात न बसता, कपारींना धरून. आई वर काठावर वाकून उभी होती. वर आले की आधी तिचं तोंड दिसलं, मागं सगळं आभाळ. तिनं एक थोबाडीत मारली आन् मग उराशी धरलं. तवापासून चढते. ती गेली त्या दिवशीपण मी वर पोचले होते. वर कुणीच नव्हतं. खाली आल्यावर फोन बघितला."

यंत्र घरघरत होतं. मी तिच्या पायावर हात ठेवला. दुसरं काय करणार?

शेजारच्या खाटेवरून अप्पा म्हणाले, "थांबलीस का, लेकी? सांग की. माझे अजून दोन तास राहिलेत."

त्यानंतर दर डायलिसिसला ती सांगायची आन् अप्पा डोळे मिटून ऐकायचे. महानंदाबाई म्हणायची, "घरी मी बोलले की झोप लागती, आन् इथं दगडाच्या गोष्टीला जागे राहतात!"

अकराव्या दिवशी पिशवीत तीनशे मिली. तेराव्या दिवशी दीड लिटर. मग पूरच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही पॉलीयुरिया, म्हणजे बंद पडलेली किडनी उघडताना लघवी भरमसाट होते. आता उलट पाणी पाजा. मी पिशवी दोन्ही हातांत धरून उभा राहिलो. लोकांना किळस वाटली असंल. वाटू द्या.

विसाव्या दिवशी मानेतली नळी निघाली. क्रिएटिनिन दीडवर आला. घरी निघताना मी म्हणालो, "शपथ घे, पुन्हा चढणार न्हाई." वैशूनं तोंड भिंतीकडं केलं. तिची पाठ थेट गयाची. मी पुन्हा ते बोललो न्हाई.

मार्गशीर्षात तपासण्या चांगल्या आल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थंडीत चढू दे, उन्हाळ्यात न्हाई, दुखण्याच्या गोळ्या कायमच्या बंद. वैशू गेली. गाडी हलल्यावर मी रडलो, पण तिला दिसंल असा न्हाई.

ज्यांच्यावर हे येईल त्यांना सांगतो. लघवी काळपट झाली तर लाजू नका, त्याच दिवशी दाखवा. रोग्याच्या तोंडात घोटभर काही घालायचं तरी डॉक्टरला इचारा. आन् ते माणूस कशासाठी जगतं हेही इचारा. मला इचारायला लय उशीर झाला, तरी देवानं वेळ ठेवला. त्या डॉक्टरीणबाईचं, नर्सांचं आन् महानंदाबाईच्या तोंडाळपणाचं माझ्यावर ऋण हाय.

अप्पांच्या किडन्या काही उघडणार न्हाईत. म्हणून मी दर गुरुवारी एसटीनं परभणीला जातो आन् यंत्र चालू असेपर्यंत त्यांच्याजवळ बसतो. पहिल्यांदा महानंदाबाई म्हणाली, "सुटलाव ना तुमी? मग हितं कशाला तडमडताव?" आता माझ्यासाठी चहा आणून ठेवती. मी ते वाळवंट कवा बघितलं न्हाई, पण सांगतो. कातळ, त्याचा रंग, वैशूचा हात कोणत्या कपारीत हाय, वारा कुठून यायलाय. अप्पा डोळे मिटतात. यंत्रात त्यांचं रक्त फिरत राहतं.

मधेच इचारतात, "पोचली का ओ ती?"

मी यंत्रावर राहिलेली वेळ बघतो आन् म्हणतो, "न्हाई अजून, अप्पा. चढायलीय."