व्याह्यांचा काटा

आमच्या व्याह्यांनी तोलली नाही अशी वस्तू अख्ख्या भिवंडीत सापडायची नाही. धामणकर नाक्याजवळ त्यांचे कापड विणायचे चार लूम आणि सूत तोलायचा जाडजूड काटा. त्या काट्यावर फणस चढले, मांजर चढलं, आणि सोयरीक ठरवायला गेलो तेव्हा माझा मुलगाही चढला. सूत कमी भरलं की भर बाजारात ओरडत, "क्या सेठ, हवा बेचते हो क्या?"

नव्वदनंतर कधीतरी कुठल्याशा आरोग्य शिबिरातून त्यांनी एक तक्ता आणला. उंचीला उंचीनं गुणायचं, त्यानं वजनाला भागायचं. येईल तो आकडा म्हणजे बीएमआय. मी म्हटलं, "एकदा भागलं की झालं, दोनदा उंची कशाला?" तर म्हणाले, "व्याही, कापडाला लांबी असते तशी रुंदी नसते का?" माणूस जेवढा उंच तेवढाच रुंद कसा, हे मला आजही कळलेलं न्हाय. पण चौथीत शाळा सोडली तरी मान हलवायला मी कुणाला हार जात नाही.

मग काट्यावर चढली आमची सुमी, माझी नात आणि त्यांचीही. वय दहा, अंगात वारा. तक्त्यावर बोट ठेवून व्याही पांढरे पडले. "पोर पार खालच्या घरात!" झालं, सूनबाईनं बापाचं ऐकून सुमीचं खोखो बंद केलं. शाळेची टीम जायची होती ठाण्याला. ही ओटीवर बसून डिंकाचे लाडू खायची आणि रडायची.

माझा हट्ट, डॉक्टरला दाखवाच. व्याह्यांनी पुढे केलेला तक्ता बघून नाक्यावरच्या डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळून हसल्या. "नाना, हा तक्ता मोठ्या माणसांचा. मुलांचं वय आणि मुलगा की मुलगी तेही बघायचं. हिच्या वयाच्या शंभर मुली आकड्यानं रांगेत लावल्या तर ही मधोमध येईल. आणि नुसत्या आकड्यावर काही ठरत नसतं. तब्येत ठणठणीत आहे, खेळू द्या."

"शंभर पोरी आणू कुठून?" व्याह्यांनी विचारलं. मलाही तोच प्रश्न पडला होता, म्हणून मी मान हलवली.

परतताना रिक्षात त्यांनी तक्ता गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, "व्याही, लूमवर चढलेलं कापड कुणी तोलतं का? अजून विणायचंय की ते." ठाण्याला मैदानाच्या कडेला सगळ्यात मोठा आवाज त्यांचा होता.

आता व्याही नाहीत, लूमही विकले. काटा तेवढा मी हट्टानं आमच्या ओटीवर आणला. सुट्टीत सुमीची लेक त्यावर उड्या मारते. काटा वरखाली नाचतो, एका जागी काही थांबत नाही. मी मुद्दाम डोळे बारीक करून वाचल्यासारखं करतो, आणि मान हलवतो. "काय कळलं, व्याही?" असं विचारायला समोर ते नसतात.